चार मायक्रॉनचा हात

"पातं बदल," मी मुंगीला म्हणालो.

"मामा, आत्ताच बदललं. सकाळपासून तिसरं आहे हे."

"मग चौथं लाव. पाती काय तुझ्या माहेरून आणायचीत?"

तिनं चौथं पातं लावलं. मी ब्लॉक बर्फावरून उचलला, मशीनमध्ये घट्ट बसवला आणि चाक फिरवायला घेतलं. एक फेरा, एक काप. कापामागून काप एकमेकांना चिकटून मेणाची फीत बाहेर यायला हवी, सलग आणि सुतासारखी सरळ. माझी आली ती अशी: एक काप जाड, एक पातळ, तिसरा मधोमध फाटलेला. त्यातला एक बरा दिसला म्हणून ब्रशच्या टोकानं उचलायला गेलो, तर ब्रश हव्या त्या जागेच्या पुढे गेला आणि कापाला भोक पडलं.

"हवा गरम आहे," मी म्हणालो. "मेण मऊ पडतंय."

मुंगीनं भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सहा वर्षं झाली ती माझ्या हाताखाली काम करते. बुटकी, सदा कामात, म्हणून मुंगी हे नाव मीच ठेवलं. चुकलं तर तोंडावर सांगणारी पोरगी. तिनं मान खाली घातली हे मला अजिबात आवडलं नाही.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मेलेल्या माणसाच्या मेंदूचा छोटा तुकडा मेणात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे काप काढायचे हे माझं काम. काप चार मायक्रॉन जाडीचा. डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीत माझे पंधरा-वीस काप बसतात. काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, सुरकुती न पडू देता काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्याला रंग द्यायचा, मग डॉक्टर लोक तो मायक्रोस्कोपखाली बघतात आणि मोठमोठे निबंध लिहितात. निबंधावर माझं नाव कधी नसतं. पण या इमारतीत कुणालाही विचारा, तुकडा नाजूक असला की सगळे म्हणतात, मामांकडे द्या. एकतीस वर्षं हे ऐकतोय. गर्व आहे मला. ज्याला हात आहे त्यानं गर्व का करू नये?

आणि त्या दिवशीचा ब्लॉक माझ्या थोरल्या भावाचा होता.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पट्टी न लावता सहा हात लांब रेघ मारायचा आणि मग शिडीवरूनच माझ्याकडे बघायचा, की बघ. खरा हात त्याचा. माझा म्हणजे त्याची नक्कल. बेचाळिसाव्या वर्षी त्याची रेघ डगमगायला लागली. मग चालणं बिघडलं. पाय फाकवून, भिंत धरून चालायचा. ज्यानं आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही, त्याचं तोंड मालकानं चारचौघांत हुंगलं आणि त्याला कामावरून काढलं. त्या दिवशी दादा माझ्याकडे येऊन रडला. आमचे वडीलही असेच झोकांड्या खात खात गेले होते, आणि आम्ही दोघा भावांनी त्यांना मनातल्या मनात दारुडाच म्हटलं होतं. हा घराण्यातला आजार आहे हे पुढे कळलं. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवायचं आणि बघत राहायचं.

दादानं सोळा वर्षं काढली. शेवटी बोलणंही जड झालं होतं, तेव्हा त्यानं मेंदू द्यायचा फॉर्म भरला आणि मला जवळ बोलावून एकेक शब्द ओढत म्हणाला, "काप तूच काढायचे. परक्याच्या हातात देऊ नकोस. रेघ वाकडी आली तर मला चालायचं नाही."

आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाचं काम घरच्यानं करायचं नाही. मी मॅडमशी भांडलो. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, मेंदूच्या डॉक्टर. आठ दिवस भांडलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, पण हात एकदा जरी थरथरला तर ब्लॉक मुंगीकडे." मी म्हटलं, चालेल. चार वर्षांत एकदाही थरथरला नाही. आता मात्र ब्लॉक झिजून फार तर चाळीस काप उरले होते. त्यातले अकरा त्या एका सकाळी कचऱ्याच्या डब्यात गेले. अकरा काप म्हणजे मेण नव्हे, दादा होता तो.

दुपारी मी मेकॅनिकला बोलावलं. तो आला, मशीनभोवती फिरला, पात्याची पकड हलवून पाहिली, चाकाला कान लावला.

"मशीनला काही झालेलं नाही मामा. तुमच्यापेक्षा तरुण आहे हे."

"नीट बघ. जाड-पातळ येतंय."

"ताई, तुम्ही फिरवा जरा."

मुंगी बसली. तिनं सरावासाठी ठेवलेला एक जुना ब्लॉक लावला आणि चाक फिरवलं. फीत आली. सलग, सरळ, हातभर. मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं आणि आपली अवजारं भरायला लागला.

"सरावाचा ब्लॉक काय, कुणीही कापेल," मी म्हणालो. "शेंबडं पोरही कापेल."

"नाचता येईना..." मुंगी सवयीनं बोलून गेली आणि मध्येच थांबली. "सॉरी मामा. माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"म्हणून टाक पुढचं. अंगण वाकडं. मशीन वाकडंच आहे." मी हसलो, पण ते हसू मलाच खोटं वाटलं.

आता आमच्या घरच्या शिवणाच्या सुईचं सांगतो. मी रक्ताची तपासणी कधी केली नाही. दादाचं निदान झालं तेव्हा सगळे म्हणाले, करून टाक, एकदाचं कळेल. मी म्हणालो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? रोज चार मायक्रॉन कापणारा माणूस मी. त्याच आठवड्यात आमच्या घरात एक पद्धत पडली. सकाळी कामावर निघायच्या आधी बायकोनं सुई-दोरा माझ्या हातात द्यायचा, मी उभ्या उभ्या, एका फटक्यात सुई ओवायची, आणि पोरीनं बघायचं. तेव्हा ती शाळेत होती. आता सत्तावीस वर्षांची आहे, तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते.

"बाबा, हात?" ती विचारते.

"दगड," मी म्हणतो.

मग ती पिशवी उचलून निघते. बस, इतकंच. मला आजार नसला तर तो तिच्यापर्यंत येऊच शकत नाही, हे तिला माहीत होतं. तिनंही रक्त दिलं नव्हतं. माझा हात हाच तिचा रिपोर्ट. काप बिघडले त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या नवऱ्याला तिनं सगळं सांगून वर म्हटलं होतं, "काळजी करू नकोस, माझ्या बाबांचा हात दगडासारखा आहे." दादाला बेचाळिसाव्या वर्षी लागलं. मला सत्तावन्न पूर्ण झाली. आता आपण सुटलो, असं मी घरात जाहीरच करून टाकलं होतं. शिवाय त्या दिवशी सकाळीही सुई पहिल्याच फटक्यात ओवली होती. मग मशीनचा दोष नाही तर कुणाचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला आणि मुंगीला खोलीत बोलावलं. मोजणी संपली होती. काचांवरच्या पेशी आणि त्यांतले ठिपके मोजायचे, ही मोजणी म्हणजे मॅडमचं तीन वर्षांचं काम. सहा घराण्यांतल्या माणसांचे मेंदू आमच्याकडे होते. सगळे घराण्यातले आजार, पण प्रत्येकाचा वेगळा. आम्ही कामावर त्यांना आपली नावं ठेवली होती. आमचं झोकांडीचं घर. दुसरं नजरेचं घर, तिथे आधी दृष्टी जाते, मग तोल. तिसरं हातवाऱ्यांचं घर, तिथे माणसाचे हातपाय आपोआप नाचतात आणि स्वभावही बदलतो. खरं सांगतो, मी मनातल्या मनात या घरांची पायरी लावत असे. आमच्यात निदान डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं म्हणायचो. दु:खातही माणसाला वरचा नंबर लागतो.

मोजणारा फसू नये म्हणून मॅडमनी सगळ्या काचांवरचे नंबर कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकले होते. कुठली काच कुणाची ते कुणालाच कळू नये. पण मी एक दादाची म्हणून ओळखून ठेवली होती. मेंदूच्या देठाजवळचा तुकडा. पेशी कशा विरळ झाल्यात, तपकिरी ठिपके कसे पडलेत, सगळं पाठ होतं मला. रोज सकाळी कुणी यायच्या आत ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि म्हणायचं, काय दादा, झोप लागली का? घरचं काही असलं तर तेही सांगायचो. पोरीचं लग्न ठरल्याचं मी बायकोच्या भावाच्या आधी त्या काचेला सांगितलं होतं.

"आता पट्ट्या काढूया," मॅडम म्हणाल्या. मुंगी एकेक काढून नंबर वाचत होती, मॅडम यादीवर खूण करत होत्या.

"ही थांब," मी म्हणालो. "ही दादाची. पट्टी न काढता सांगतो."

मुंगीनं पट्टी काढली. नंबर वाचला. मॅडमनी यादी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, ही नजरेच्या घरातली आहे. त्या शिक्षिका होत्या ना, त्यांची."

"पट्टी चुकली असेल."

"पट्टीवर काही नसतं मामा. नंबर काचेवर आहे."

मी काच हातात घेतली. पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. अक्षर माझंच. भांडायला जागा नव्हती. वर्षभर ज्या काचेला मी दादा म्हणत होतो, ती एका अनोळखी बाईची होती. तिला मी पोरीच्या लग्नाची बातमी दिली होती. मला हसू यावं की रडू, कळेना. शेवटी रडू आलं आणि मी ते चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं.

मॅडमनी दुसरी काच लावली. "हे तुमचे दादा."

बघितलं. तेच. पेशीच्या मधोमध, तिच्या गाभ्यात, एकेक तपकिरी ठिपका. मग हातवाऱ्यांच्या घरातली काच लावली. भाग मेंदूचा दुसरा, पेशींची ठेवण वेगळी, पण ठिपका तोच.

"रंग तर आपण एकच वापरला ना सगळ्यांना?" मी विचारलं.

"एकच. आणि सगळ्यांना लागला, त्यातच सगळं आलं." मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. त्या समजावायला लागल्या की समोर डॉक्टर आहे की कापणारा, हे विसरतात. म्हणून मला त्या आवडतात. "प्रत्येक घरात बिघडलेलं प्रथिन वेगळं आहे. तुमच्याकडे एक, शिक्षिकाबाईंच्या घरात दुसरं. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून कुणाचा तोल जातो, कुणाची नजर. पण बिघाड बघा. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. त्या माळेत एका जागी एकच मणी सारखा सारखा ओवलेला असतो. वीस-पंचवीस वेळा असला तर चालतं. या घरांत तो फार जास्त वेळा आलेला असतो. किती झाला की बिघडतं, ते घराघरांत थोडं वेगळं. पण मग माळ नीट घडी होऊन बसत नाही, चिकट होते. एकीला दुसरी चिकटते, त्यांत चांगली, कामाची प्रथिनंही अडकतात. पेशीची झाडलोट करणारी यंत्रणा असते, ती हे उपसून उपसून थकते. वर्षानुवर्षं. हा ठिपका म्हणजे तो गोळा, आणि आपला रंग त्या लांबलेल्या मण्यांच्या ओळीलाच धरतो."

"म्हणजे हा ठिपका पेशीला मारतो?"

"त्यावर आम्ही अजून भांडतोय. काही म्हणतात मारतो. काही म्हणतात, पेशीनंच कचरा एका कोपऱ्यात लोटून ठेवलाय, जगायची धडपड म्हणून. पण एक दिसतंय मामा, घरोघरी मातीच्या चुली. म्हणून तर सहाही घरं एकत्र मांडली. चूल एकसारखी असेल तर एका घरासाठी सापडलेली युक्ती दुसऱ्या घरात लावून बघता येईल. लागेलच असं नाही. पण लावून बघता येईल."

मी वरचा नंबर, खालचा नंबर करत बसलो होतो इतकी वर्षं. शिक्षिकाबाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"मला वाटायचं, आमच्या घरातलं मी लांबून ओळखीन," मी म्हणालो.

मॅडमनी काच बाजूला ठेवली. "मामा, कालच्या अकरा कापांबद्दल बोलायचं का?"

मी मुंगीकडे बघितलं.

"तिनं काही सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "डबा मी बघितला." आणि त्यांनी आपलं बोट माझ्या समोर धरलं. "माझ्या बोटाला बोट लावा. मग स्वत:च्या नाकाला. परत माझ्या बोटाला."

ही तपासणी मला शिकवायची गरज नव्हती. दादाला धरून मी शंभर वेळा बसलोय तिच्यासाठी. पहिल्यांदा बरोबर लागलं. दुसऱ्यांदा मी हळू नेलं. तिसऱ्यांदा माझं बोट मॅडमच्या बोटाशेजारून पुढे निघून गेलं. अगदी कालच्या ब्रशसारखं.

"बोट चुकायला अनेक कारणं असतात," मॅडम म्हणाल्या. "रक्त बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. आणि असलं, तरी इतक्या उशिरा सुरू होतं ते बहुधा हळू जातं."

"मॅडम, आज सकाळी सुई एका फटक्यात ओवली मी. पोरीसमोर."

"मग उत्तमच," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला तिथे बसवेना.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आलो. बायको बाहेर गेली होती. शिलाई मशीनवर तिची सुयांची उशी असते. सकाळची सुई लगेच ओळखता आली, तिच्यात माझा पांढरा दोरा होता. ती उपसली. शेजारची, शर्टाच्या बटणांची बारीक सुई उपसली. दोन्ही खिडकीपाशी उजेडात धरल्या. सकाळच्या सुईचं नेढं दुसरीच्या दुप्पट होतं. पोती शिवायच्या सुईपेक्षा जरासंच लहान. मी चार मायक्रॉनचा माणूस, आणि माझ्या हातातल्या सुईचं नेढं कुणीतरी रुंद केलं ते मला दिसलं नव्हतं.

बायको आली तेव्हा मी दोन्ही सुया टेबलावर मांडून बसलो होतो. तिनं पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून?" मी म्हणालो.

"दहा महिने झाले. तीनदा बदलली. दर वेळी थोडी मोठी."

"मला सांगायचं."

"ऐकलं असतंत? नवीन चष्मा आणलात, तरी चुकायला लागलात. दिव्याला शिव्या घातल्यात. दोऱ्याला शिव्या घातल्यात. पोरगी समोर उभी असायची. मी काय करणार होते?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"नाही राहत," ती म्हणाली. "पण दहा महिने तुम्ही दोघंही निवांत झोपलात. ते मी कमावले." आणि ती समोर बसून रडायला लागली. मला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. भीती मात्र तशीच राहिली. दहा महिने ही बाई ती एकटी सांभाळत होती आणि वर माझी "दगड, दगड" ही बढाई रोज ऐकत होती. मी तिचे हात धरले.

सकाळी मी बारीक सुई मागितली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती दिली. पोरगी पिशवी घेऊन दारात आली.

"बाबा, हात?"

मी दोरा नेला. चुकला. परत नेला. दोरा नेढ्याच्या डाव्या बाजूनं गेला. तिसऱ्यांदा मी नेलाच नाही.

"आज दगड नाही बाळा," मी म्हणालो. "बरेच दिवस नाहीये. आम्हीच लपवलं, मी नकळत आणि तुझ्या आईनं कळून. मी आज रक्त देणार आहे. पण निकाल मला माहीत आहे असं समज."

तिनं पिशवी खाली ठेवली. माझ्या हातातून सुई आणि दोरा घेतला आणि एका फटक्यात ओवला. आम्ही दोघं तिच्या बोटांकडे बघत होतो, हे तिला कळलं.

"माझ्या हाताकडे बघू नका," ती म्हणाली. "आता यापुढे कुणी कुणाच्या हाताकडे बघायचं नाही या घरात. या, इकडे उभे राहा. कॉलरचं बटण लोंबतंय तुमच्या."

मी उभा राहिलो. ती बटण लावत होती. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, केसांना तलावाच्या पाण्याचा वास येत होता.

"होणाऱ्या नवऱ्याला काय सांगशील?" मी विचारलं.

"खरं ते. तो पळाला तर आत्ताच पळालेला बरा." तिनं दोरा दातानं तोडला. "आणि मी रक्त द्यायचं की नाही, ते माझं मी ठरवीन. तुम्ही विचारायचं नाही. आईनंही नाही."

"नाही विचारणार."

"उशीर झाला मला," ती म्हणाली आणि गेली. जिन्यावर मध्येच तिच्या पावलांचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग परत सुरू झाला आणि खाली गेला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. बोटानं सांगितलं होतं तेच कागदानं सांगितलं. होणारा जावई पळाला नाही. घरी आला आणि म्हणाला, तुमची हरकत नसेल तर तारीख तीच ठेवूया. मी म्हटलं, माझी हरकत कशाला असेल, मला तर उलट घाई आहे. सगळे हसले. बायको हसली नाही, पण तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं.

निकालानंतर कामावर गेलो तो थेट मशीनपाशी. मुंगी माझी खुर्ची पुसत होती.

"बस," मी म्हणालो.

"मामा, दादांचा ब्लॉक तुमचा आहे. तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"परक्याच्या हातात देणार नाही असा शब्द दिलाय. तू परकी आहेस का? सहा वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास. बस."

ती बसली. मी बाजूला स्टूल घेतलं. मोजून तीस काप निघतील न निघतील इतका ब्लॉक उरला होता. ती घाई करायला लागली. मी तिला थांबवलं.

"गार होऊ दे आधी. आणखी. आता लाव. चाक खांद्यानं फिरव, मनगटानं नाही. श्वास सोड आणि मग फिरव."

फीत यायला लागली. पहिले दोन काप सोडून दिले. तिसऱ्यापासून एकही फाटला नाही. पाण्यावर तरंगली तेव्हा एकही सुरकुती नव्हती. दादा असता तर शिडीवरून खाली उतरून बघितलं असतं त्यानं. सव्वीस चांगले काप मिळाले. मुंगीनं डोळे पुसले आणि मी तिला म्हणालो, पाण्यात थेंब पडेल, बाजूला होऊन रड.

मग मी खिशातून फॉर्म काढला. मेंदू द्यायचा. दादानं भरला होता तोच, फक्त छपाई नवी. बाकी सगळं घरीच भरून आणलं होतं, बायकोची सही होती, पोरीची साक्षीदार म्हणून होती. खाली एक रकाना असतो, विशेष सूचना. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. मी तिथे मशीनच्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं. वेळ लागला.

मुंगीनं वाचलं. "ब्लॉक नीट गार करणे. चार मायक्रॉन. घाई करू नये. मुंगीनेच कापावे." तिनं वर पाहिलं. "मामा, सरकारी कागदावर मुंगी?"

"मॅडमना कळेल."

"आणि अक्षर..." ती थांबली. ओळ डाव्या कडेला सुरू होऊन उजवीकडे खाली घसरत गेली होती. दादाच्या शेवटच्या पाट्यांसारखी.

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग झालं," मी म्हणालो, आणि काचांवर नंबर घालायला तिच्या हातात पेन्सिल दिली.